एलईडीवाला म्हणतो, ‘चालतं’

लग्नसराई ओसरली की या सदराकडे पत्रांचा ढीग लागतो, आणि त्यातल्या निम्म्या पत्रांत एकच रडगाणं असतं: घरी कॉम्प्युटरवर झकास दिसणारा व्हिडिओ मांडवात लावला आणि त्याची पार वाट लागली. म्हणून या खेपेला कॅमेरे, लेन्स, ड्रोन सगळं बाजूला ठेवलं आहे, आणि मांडवातल्या एलईडी वॉलवर, म्हणजे दिव्यांच्या मोठ्या पडद्यावर, व्हिडिओ नीट कसा लागेल तेवढंच घेतलं आहे. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत. धुळे, जळगाव, नंदुरबार मिळून आमच्या धंद्याचं जग तसं लहानच, आणि आज ज्याच्यावर चिडलात त्याच एलईडीवाल्यासोबत पुढच्या तिथीला उभं राहायचं असतं.

ताई, मी शिरपूरला लग्नांचं शूटिंग करतो. लॉन्सवर चोवीस बाय आठ फुटांची एलईडी वॉल होती. आधी फोन करून विचारलं, तर एलईडीवाला म्हणाला, ‘फुल एचडी आणा दादा, सगळं चालतं.’ मी फुल एचडी नेलं. प्री-वेडिंग सुरू झालं आणि नवरीचं कपाळापासून वरचं सगळं गायब! आरडाओरडा केल्यावर त्याने काहीतरी बटण दाबलं, मग डोकी आली पण दोघंही आडवी पसरली. नवरीचे काका माझ्याकडेच बघत होते. चूक कोणाची?

चूक कोणाची ते काकांवर सोडू. झालं काय, ते मात्र साध्या गुणाकारात कळतं.

भाड्याच्या बऱ्याच वॉल ५०० मिलिमीटर लांब-रुंद कॅबिनेट, म्हणजे दिव्यांच्या चौकटी, एकमेकांना जोडून उभ्या करतात. एक कॅबिनेट म्हणजे १.६४ फूट. तुमच्या चोवीस फुटांना अशी १५ कॅबिनेट आडवी लागतात आणि आठ फुटांना ५ उभी. वॉल पी-३.९१ ची होती असं धरू, कारण भाड्यात ती सर्रास फिरते. हा आकडा म्हणजे दोन दिव्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये; त्यालाच पिच म्हणतात. ५०० ला त्याने भागलं की एका कॅबिनेटला १२८ पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, मिळतात. पंधरा गुणिले १२८, झाले १९२०. पाच गुणिले १२८, झाले ६४०. म्हणजे तुमची वॉल १९२० बाय ६४० ची होती.

आता गंमत बघा. रुंदी अगदी फुल एचडीएवढी, म्हणून तो ‘चालतं’ म्हणाला आणि त्याच्या परीने ते खरंही होतं. पण फुल एचडीची उंची १०८० ओळींची. वॉलवर जागा ६४० ओळींची. उरलेल्या ४४० ओळींपैकी २२० वरून छाटल्या गेल्या, २२० खालून. प्री-वेडिंगच्या क्लोजअपमध्ये नवरीचं डोकं नेमकं त्या वरच्या २२० ओळींत असतं. मग त्याने जे बटण दाबलं ते प्रोसेसरचं (लॅपटॉपचं चित्र वॉलवर बसवणाऱ्या यंत्राचं) स्केलिंग. त्याने १०८० ओळी ६४० मध्ये दाबून बसवल्या, रुंदी तशीच राहिली. माणूस पावणेदोन पट रुंद दिसणारच.

तेव्हा फुटांत माप विचारणं सोडून द्या. फूट मांडववाल्याच्या कामाचे, आपल्याला पिक्सेल हवेत. सगळी कॅबिनेट ५०० चीच असतात असंही धरून चालू नका. ५७६ मिलिमीटरची असतात, ५०० बाय १००० ची लांबुडकी असतात. माप काहीही असो, त्याला पिचने भागायचं आणि कॅबिनेटच्या संख्येने गुणायचं.

मी ऑर्डर घेतली की एलईडीवाल्याला असा मेसेज टाकते. हवा तर तुम्ही जसाच्या तसा उचला:

‘दादा, अमुक तारखेच्या कामाबद्दल. आडवी किती कॅबिनेट, उभी किती, पिच काय? वॉल सलग आहे की मधे फट आहे? बाजूला वेगळ्या पट्ट्या लावणार का? लॅपटॉप तुमचा की माझा, आणि कोणत्या सॉफ्टवेअरमधून चालवणार? प्रोसेसरला १९२० बाय १०८० देता की वॉलचंच माप देता? व्हिडिओ वरच्या डाव्या कोपऱ्यापासून जसाच्या तसा बसणार की ताणून? चालवायला स्वतः कोण थांबणार? त्यांचा नंबर द्या.’

यातला शेवटचा प्रश्न मी कधीच गाळत नाही. फोन उचलतो मालक, आणि वॉल चालवतो एक विशीतला पोरगा. मालकाने कोणाला काय ‘चालतं’ म्हणून सांगितलंय याचा त्या पोराला पत्ताच नसतो. खरी बोलणी पोराशी करायची. ठरलं ते मालकाच्या व्हॉट्सॲपवर लिहून टाकायचं आणि त्याचं ‘ओके’ आल्याशिवाय एडिटिंगची टाइमलाइन उघडायची नाही.

त्यानंतर व्हिडिओच्या आधी एक साधं चित्र पाठवा. वॉलच्या मापाचं, १९२० बाय ६४० असेल तर तेवढंच. चारी कडांना पांढरी बारीक रेघ, चार कोपऱ्यांत १, २, ३, ४ हे आकडे, मधोमध एक मोठं वर्तुळ आणि खाली तुमचं नाव. ते वॉलवर लावून समोरून फोटो पाठवायला सांगा. चारी रेघा दिसल्या तर काही कापलं जात नाही. वर्तुळ गोल दिसलं तर काही ताणलं जात नाही. तिथेच ते अंड्यासारखं दिसलं तर फोन करायला अजून वेळ हाताशी आहे. वॉल आदल्या दिवशी उभी राहत नसेल (आपल्याकडे बहुतेक वेळा सकाळीच उभी राहते), तर निदान हळदीच्या वेळी लावून बघा.

आता तुमचा १६:९ चा (फुल एचडीच्या रुंदी-उंचीच्या प्रमाणाचा) व्हिडिओ ३:१ च्या वॉलवर बसवायचा कसा? न कापता, न ताणता पूर्ण उंचीत बसवला तर तो ११३८ पिक्सेल रुंद होतो आणि दोन्ही बाजूंना ३९१-३९१ पिक्सेल मोकळे उरतात. तिथे काळं सोडू नका. फुलांची नक्षी, दोघांची नावं, नाहीतर त्याच शॉटचा धूसर केलेला तुकडा टाका. शूटिंग हातात असेल तर फोर-के मध्ये घ्या आणि मोजके शॉट ३:१ मध्ये क्रॉप होतील असे आधीच लांबून घ्या.

आणखी एक गोष्ट कोणत्याच कागदावर नसते: सोफा. रिसेप्शनला त्या वॉलच्या पुढे उंच पाठीचा, सोनेरी कोरीव कामाचा सोफा ठेवतात. समोरून बघणाऱ्याला वॉलचा मधला खालचा भाग दिसतच नाही, आणि तुम्ही तर नवरा-नवरीची नावं नेमकी तिथेच लिहिलेली असतात. डेकोरेशनवाल्याला विचारा, सोफ्याची पाठ वॉलवर कुठपर्यंत येणार? खालच्या दीडदोन फुटांत काही लिहू नका. तिथे फुलांच्या कुंड्याही येतात.

मी अमळनेरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. स्नेहसंमेलनासाठी विद्यार्थ्यांनी पॉवरपॉइंट आणि एक छोटा व्हिडिओ केला. ऑपरेटरच्या लॅपटॉपवर स्लाइडवर कुठे चौकोन, कुठे इंग्रजी अक्षरांची खिचडी! आणि व्हिडिओत जोडाक्षरं सुटी झाली, ‘विद्यार्थी’ची वेलांटी भलतीकडे. ऑपरेटर म्हणाला, मराठीचा हाच त्रास आहे. खरंच आहे का?

मराठीला काही त्रास नाही मॅडम. तुमच्या एका कार्यक्रमात तीन वेगवेगळी दुखणी एकत्र आली.

चौकोन दिसतात तेव्हा ती अक्षरं दाखवू शकणारा फॉन्ट त्या लॅपटॉपवर नसतो. खिचडी दिसते तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत) नसून जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. अशा फॉन्टमध्ये आतून सगळी इंग्रजीचीच अक्षरं असतात, फक्त वरचा मुखवटा मराठी असतो. फॉन्ट काढला की मुखवटा गळून पडतो. आणि जोडाक्षरं सुटतात ती एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमुळे. प्रीमिअर आणि आफ्टर इफेक्ट्स या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या बऱ्याच आवृत्त्यांत प्रेफरन्सेसमध्ये टेक्स्ट इंजिन निवडायची सोय आहे. तिथे ‘साउथ एशियन’ असलेला पर्याय लावला नाही तर वेलांटी आणि रफार आपापल्या जागी बसत नाहीत. मुलांनी हे एडिट करतानाच पाहायला हवं होतं. व्हिडिओ एकदा रेंडर झाला, म्हणजे त्याची तयार फाइल निघाली, की अक्षरं चित्रात गोठतात, मग मांडवात त्याला कोणी हात लावू शकत नाही.

उपाय सरळ आहे. पॉवरपॉइंटची मूळ फाइल देऊच नका. प्रत्येक स्लाइड पीएनजी चित्र म्हणून काढा किंवा सगळंच व्हिडिओ म्हणून एक्स्पोर्ट करा. चित्र काढताना एक खोच आहे: पॉवरपॉइंट स्वतःहून १२८० बाय ७२० चं चित्र देतं. मोठ्या पडद्यासाठी व्हिडिओचा फुल एचडी पर्याय बरा. आणि काम सुरू करण्याआधी स्लाइड साइझमध्ये जाऊन स्लाइडचा आकार वॉलच्या प्रमाणात करून घ्या. ३:१ ची वॉल असेल तर स्लाइडही ३:१.

ऑपरेटरच्या बोलण्यात एका बाबतीत तथ्य आहे. एलईडीवर देवनागरीचे बारीक फॉन्ट मार खातात. पी-३.९१ वर एक पिक्सेल म्हणजे जवळजवळ चार मिलिमीटर. शिरोरेषा एका पिक्सेलची असेल तर अक्षर जरा हललं की ती चमचम करते, अनुस्वार तर उडूनच जातो. आणि मराठीत अनुस्वार उडाला तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. मुक्ता किंवा बालू यांसारखे फॉन्ट त्यांच्या जाड वजनात वापरा; दोन्ही फुकट मिळतात. ६४० ओळींच्या वॉलवर अक्षराची उंची ४० पिक्सेलच्या खाली नेऊ नका, हा माझा दंडक. प्रत्यक्षात ती उंची वीतभराहून कमीच भरते. प्रायोजकांची यादी त्यात मावत नसेल तर दोन स्लाइड करा.

पेनड्राइव्हवर ३२ जीबी जागा मोकळी, फाइल पाच जीबीची, तरी कॉपी होत नाही. पेनड्राइव्ह खराब आहे का? (पाचोरा)

पेनड्राइव्ह ठणठणीत आहे. तो फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे, आणि त्या पद्धतीत ४ जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही. आतला माल काढून घ्या, एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतो. मॅकवरून काम करणाऱ्यांना वेगळं सांगते: मॅकच्या स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली हार्ड डिस्क घेऊन लॉन्सवर जाऊ नका. ऑपरेटरच्या विंडोज लॅपटॉपला ती रिकामी किंवा बिघडलेली वाटते आणि तो खुशाल ‘फॉरमॅट करू का?’ विचारतो. घाईत कोणीतरी ‘हो’ म्हणतं.

जळगावात माझा छोटा स्टुडिओ आहे. एका बियाणं कंपनीच्या डीलर मेळाव्याची तीन मिनिटांची फिल्म करतोय. प्लेबॅक, म्हणजे मेळाव्यात फिल्म चालवायचं काम, मुंबईच्या कंपनीकडे आहे. त्यांनी एक कागद पाठवला: ३८४० बाय १०८०, सेकंदाला ५० फ्रेम, हॅप क्यू, आवाज वेगळ्या वेव्ह फाइलमध्ये ४८ किलोहर्ट्झ २४ बिट, मागेपुढे काळं. माझं शूटिंग २५ फ्रेमचं, आणि हॅप मी आयुष्यात काढलेलं नाही. क्लायंट म्हणतो, ते सांगतात तसं द्या. मुंबईवाल्यांशी वाद घालायचा का?

वाद नको, बोलणी करा. आणि कागद पाठवणारी कंपनी मिळाली याबद्दल आधी देवाला नारळ फोडा. त्या कागदातल्या प्रत्येक ओळीला कारण आहे. कारण कळलं की कुठे मान डोलवायची आणि कुठे ‘हे तुम्ही करा’ म्हणायचं ते उमगतं.

हॅप कशाला? हॅप आणि एच-२६४ हे व्हिडिओ आवळून फाइलमध्ये ठेवायचे दोन प्रकार. आपली नेहमीची एच-२६४ ची फाइल लहान असते, कारण तिच्यातली बरीच चित्रं शेजारच्या चित्रांवर विसंबून असतात. उलगडायला मशीनला मेहनत पडते. मेळाव्यात एकाच वेळी मागे पार्श्वभूमी, वर लोगो, बाजूला कॅमेऱ्याचं लाइव्ह असं चारपाच थरांत चालतं, तिथे एच-२६४ अडखळतं. शिवाय बऱ्याच ग्राफिक्स कार्डांची एच-२६४ उलगडायची मर्यादा ४०९६ पिक्सेल रुंदीपर्यंतच असते. तुमची ३८४० आत बसते, पण वॉल थोडी आणखी रुंद असती तर बसली नसती. हॅपमध्ये प्रत्येक चित्र स्वतंत्र असतं आणि ते उलगडायचं काम ग्राफिक्स कार्ड चुटकीसरशी करतं. त्याची किंमत फाइलच्या आकारात मोजावी लागते. हॅप क्यूमध्ये दर पिक्सेलला एक बाइट धरा. ३८४० बाय १०८० चं एक चित्र चार एमबीच्या वर, सेकंदाला पन्नास चित्रं, तीन मिनिटं: गणित ३७ जीबीपर्यंत जातं. नंतर आणखी एक आवळणी होते म्हणून प्रत्यक्षात कमी भरतं, पण किती कमी ते तुमच्या फिल्मवर अवलंबून. जळगावहून हे अपलोड करत बसाल तर मेळावा होऊन जाईल.

इथे तुमचं पहिलं म्हणणं मांडा: ‘मी प्रोरेस ४२२ एचक्यू मास्टर (उत्तम दर्जाची मूळ फाइल) देतो, हॅप तुम्ही तुमच्या मशीनवर काढा.’ २५ फ्रेमला तीन मिनिटांचा हा मास्टर साडेआठ जीबीच्या आत बसतो. नीट काम करणारी प्लेबॅक कंपनी हे आनंदाने मानते, कारण स्वतः काढलेल्या फाइलवर तिचा भरवसा असतो. मात्र रूपांतर कोण करणार, त्याचे पैसे आहेत का आणि रूपांतरानंतर फिल्म बघून ‘बरोबर आहे’ कोण म्हणणार, हे तीनही मेलमध्ये लिहून घ्या. ते नाहीच म्हणाले तर हॅप काढणारी फुकट साधनं आहेत, एफएफएमपेगही काढतं. लांबी-रुंदीला चारने भाग गेला पाहिजे एवढं बघा. तुमच्या मापाला जातो.

२५ की ५०? तुमच्या २५ फ्रेम ५० मध्ये प्रत्येकी दोनदा दिसतात, हिशोब चोख बसतो. सॉफ्टवेअरला मधल्या फ्रेम ‘शोधून’ काढायला लावू नका. वाऱ्यावर हलणाऱ्या कपाशीच्या बोंडांच्या कडा त्यात फाटतात आणि बियाणं कंपनीचा माणूस पहिल्यांदा बोंडाकडेच बघतो. तुमच्या फिल्ममध्ये सरकणारी अक्षरं, आकड्यांचे तक्ते वगैरे असतील तर टाइमलाइनच ५० ची घ्या. शूटिंग दुप्पट होऊन बसेल आणि अक्षरं लोण्यागत सरकतील. मास्टरचा आकार तेवढा दुप्पट होईल.

हाच प्रश्न आपल्याकडच्या लॉन्सवर उलटा येतो. तिथे लॅपटॉप ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांवर, चालत असतो. २५ चे ६० करताना काही चित्रं दोनदा दिसतात, काही तीनदा, आणि सावकाश फिरणारा शॉट हिसके खातो. डिस्प्ले सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ करायला पोराला सांगा. बहुतेक लॅपटॉपवर होतं.

आता जे त्यांच्या कागदात नाही ते विचारा. ३८४० चा पडदा सलग एलईडी आहे की दोन प्रोजेक्टर जोडलेत? प्रोजेक्टर असतील तर दोघांची चित्रं मधे एकमेकांवर चढवतात, आणि चढलेला भाग ३८४ पिक्सेलचा असला तर तुमच्या हाती ३४५६ च उरतात. पडदे दोन वेगळे असतील आणि मधे फट असेल, तर कंपनीच्या चेअरमनचा चेहरा बरोबर मधोमध ठेवू नका. आवाजाची फाइल वेगळी मागितली आहे, तर तिची लांबी चित्राएवढीच ठेवा आणि नावही तेच. पहिल्या फ्रेमला दोन्ही एकत्र सुरू झाले पाहिजेत. ‘मागेपुढे काळं’ म्हणजे किती सेकंद, तेही लिहून घ्या. दोन सेकंद आणि दहा सेकंद यात निवेदकाची फजिती होण्याइतका फरक असतो.

मुदतीच्या आठवडाभर आधी तीस सेकंदांचा तुकडा पाठवा. सगळ्यात अवघड भाग निवडा: वेगाने फिरणारा शॉट, बारीक अक्षरं, गडद रात्रीचं दृश्य. त्यांच्याच सर्व्हरवर चालवून ‘चाललं’ असा मेल मागा. काळा रंग राखाडी दिसत असेल तर तो इथेच पकडला जातो. एका बाजूने रंगांचा पल्ला ० ते २५५ धरलेला असतो, दुसऱ्या बाजूने १६ ते २३५. दोघांनी एकच धरला की काळा काळा होतो.

आमच्या मंडळाने चाळीसगावला एक माहितीपट दाखवला. संगीत ऐकू आलं, निवेदन जवळजवळ नाहीच. घरच्या टीव्हीवर सगळं व्यवस्थित आहे. शिवाय स्पीकरमधून सतत घूं-घूं.

निवेदन एका बाजूच्या चॅनेलवर असावं आणि लॅपटॉपपासून मिक्सरपर्यंत आलेल्या वायरीची नेमकी तीच बाजू जोडलेली नसावी. किंवा निवेदनाच्या डाव्या-उजव्या बाजू एकमेकींच्या उलट्या असाव्यात. टीव्हीवर दोन स्पीकर वेगळे म्हणून ऐकू येतं, मांडवात साउंडवाला दोन्ही एकत्र करतो आणि त्या एकमेकींना खाऊन टाकतात. एडिटरला निवेदन दोन्ही बाजूंना सारखं ठेवायला सांगा आणि देण्याआधी एकदा मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र करून, ऐकायला लावा.

घूं-घूं साठी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबली तर अर्थिंगचा घोळ आहे. साउंडवाल्याकडे डीआय बॉक्स नावाची डबी असते, ती मधे लावली की जाते. आणि ती मधली वायर कोण आणणार हे आधी ठरवा! साउंडवाला वेगळा, एलईडीवाला वेगळा; दोघांच्या गाडीत हजार वायरी असतात आणि लॅपटॉप ते मिक्सर एवढी एकच नसते, कारण ती दुसरा आणणार असं दोघंही धरून बसलेले असतात.

आवाजाची पातळीही ठरवून घ्या. फिल्मच्या सुरुवातीला नव्हे, वेगळ्या फाइलमध्ये १ किलोहर्ट्झचा एकसुरी टोन उणे २० डेसिबलवर द्या. साउंडवाला त्यावर आपला नॉब बसवतो, आणि नंतर लॅपटॉपच्या आवाजाला कोणी हात लावायचा नाही.

यात्रेत भर दुपारी एलईडीवर आमची फिल्म लावणार आहेत. काही काळजी? (शहादा)

अंधारातली दृश्यं काढून टाका, दुपारच्या उन्हात ती दिसणार नाहीत. वॉल आउटडोअरचीच आहे ना ते विचारा. हॉलमधली वॉल उन्हात फिकी पडते आणि पावसाच्या सरीने जाते. ठळक रंग, मोठी अक्षरं. तीच फिल्म रात्री परत लावणार असतील तर वॉलचा उजेड कमी करायला सांगा, पांढऱ्या पार्श्वभूमीने पुढच्या रांगेचे डोळे दिपतात. लॅपटॉप सावलीत ठेवा आणि मागे टेबल फॅन लावा. आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांत लॅपटॉप तापला की स्वतःचा वेग कमी करतो आणि फिल्म अडखळायला लागते. फाइल निर्दोष असते, शिव्या एडिटरला बसतात.

ताई, तुमचं सदर वाचतो, पण तुम्ही कायम एडिटरचीच बाजू घेता. मी साक्रीकडे एलईडी चालवतो. नवरदेव गेटवर आला की एडिटर पेनड्राइव्ह घेऊन पळत येतो. त्यात फायनल, फायनल दोन, एकदम फायनल. कोणती लावायची? कोणी तर व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओच देतं. खराब दिसलं की म्हणतात, ‘मन्हा लॅपटॉपवर तं मस्त चालनं व्हतं!’ आमचंही लिहा काही.

लिहिते दादा, तुमचं पत्र सगळ्यात खरं आहे.

एडिटर मंडळींनो, ऑपरेटरला फाइल आदल्या रात्री मिळाली पाहिजे. त्याला ती सगळी चालवून बघायची असते, आणि तुम्ही वरमालेच्या वेळी दिलीत तर तो पहिल्यांदा ती सातशे वऱ्हाड्यांसमोर बघतो. फाइलच्या नावात आधी क्रमांक, मग प्रसंग, मग तारीख. नाव रोमन अक्षरांत ठेवा, काही जुनी सॉफ्टवेअर देवनागरी नावाला अडतात. पेनड्राइव्हवर लावायच्या तेवढ्याच फाइल ठेवा, बाकी सगळं काढून टाका. व्हॉट्सॲपवरून पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातं आणि जसंच्या तसं जातं. साधा व्हिडिओ म्हणून पाठवलात तर व्हॉट्सॲप तो आवळतं, मग वीस फुटी वॉलवर चेहऱ्याऐवजी चौकटी दिसतात.

तुम्हीही एक करा दादा. ठरलेल्या वेळेनंतर आलेल्या फाइलचे आणि जागेवर केलेल्या रूपांतराचे पैसे लावा, आणि दर कोटेशनमध्येच लिहा. भांडण होणार नाही. पैशाचं म्हटलं की फाइल आपोआप वेळेवर येते. तुमच्या प्रत्येक वॉलचा पिक्सेलचा नकाशा मोबाइलमध्ये चित्र म्हणून ठेवा. कोणी विचारलं की ‘चालतं’ म्हणण्याऐवजी ते चित्र पाठवायचं. एडिटरचे निम्मे फोन तिथेच थांबतील.

आता तुमच्या टेबलावरचं. व्हीएलसीमधून चालवत असाल तर व्हिडिओ सुरू होताना फाइलचं नाव वॉलवर येतं आणि संपला की नारिंगी शंकू उभा राहतो. नवरा-नवरी त्या शंकूखाली उभे राहून फोटो काढून घेतात, अल्बममध्येही तो येतो. दोन्ही सेटिंगमधून बंद होतं: सुरुवातीचं नाव दाखवणं काढा आणि ‘प्ले अँड पॉज’ लावा, म्हणजे शेवटचं चित्र तसंच थांबतं. लॅपटॉपवर व्हॉट्सॲप वेब उघडं ठेवू नका. प्रोसेसरला एक छोटा यूपीएस लावा. लाइट गेली आणि जनरेटर सुरू झाला की लॅपटॉप बॅटरीवर तगतो, पण प्रोसेसर बंद पडून पुन्हा जागा होईपर्यंत वॉल काळीच राहते, आणि लोक समजतात व्हिडिओ बंद पडला.

राहिला पाहुण्यांचा प्रश्न. आमदार साहेब सातला येणार असं पत्रिकेत असतं आणि साडेआठला गाडी दिसते. ही दीड तासाची पोकळी कुठल्याच स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेली नसते, म्हणून एडिटरकडून मुख्य फिल्मबरोबर एक लूप मागून घ्या: लोगो किंवा नावं, सावकाश हलणारी पार्श्वभूमी, तीसेक सेकंद, पहिलं आणि शेवटचं चित्र एकच, म्हणजे सांधा दिसत नाही. त्याला आवाज अजिबात नको. तीच सनई तीस-तीस सेकंदांनी पहिल्यापासून वाजायला लागली की पहिल्या रांगेतले आप्पा-नाना मान वळवून तुमच्याकडे बघायला लागतात.